निदान होईपर्यंत

जगातला एकही जीव बिननावाचा राहू नये, ही जबाबदारी देवाने बहुधा माझ्या मामेसासऱ्यांवर सोपवली असावी, आणि तीही कार्डिफमधल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत. तिथे सोफ्याला हाकलून त्यांनी खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी मांडली होती. लोक टाकीत मासे पाळतात. मामांच्या टाकीतही दोन मासे होते, पण त्यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. त्यांचा सगळा जीव दुकानातून आणलेल्या प्रवाळाच्या दगडांत. त्या दगडांच्या भोकांतून मोहरीएवढं, तांदळाच्या कणीएवढं, कधी नुसत्या केसाएवढं काहीतरी वळवळत बाहेर यायचं आणि मामा भिंग घेऊन खुर्ची पुढे ओढायचे. लग्न होऊन मी इंग्लंडमधल्या स्लाऊला आले आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा मामींनी दिलेला चहा चक्क खारट लागला. नवी सून म्हणून मी तो निमूट संपवला आणि वर छान झालाय म्हणाले. मामींनी एक घोट घेतला आणि पुढच्या खोलीकडे बघून विचारलं, "अहो, गाळणी परत टाकीत गेली होती का?"

मामा जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट होते. रिटायर झाल्यावर पेशंट संपले, सवय कुठली संपायला. टाकीत दिसलेल्या प्रत्येक जिवाचा ते केसपेपर काढत: रंग, लांबी, पायांची संख्या आणि तक्रार. तक्रारीच्या रकान्यात कोणाच्या नावापुढे 'लाजाळू' असायचं, कोणाच्या 'शेजाऱ्यांना खातो'. अंगभर कुसळं असलेला एक किडा पाहून दुकानदाराने तो फेकून द्यायला सांगितलं, तर मामा त्याला गंभीरपणे म्हणाले, "नो डिस्चार्ज विदाउट डायग्नोसिस." दोनच दिवसांत त्या पेशंटने मामांच्या अंगठ्यात कुसळं रोवली. मामी चिमटा घेऊन एकेक उपटत होत्या आणि मामा कळवळत सांगत होते, "अगं, टाकू नकोस, काचपट्टीवर ठेव. मायक्रोस्कोपखाली बघू."

मामींचं माहेर मालवणचं. त्यांच्या भावाने घराला लागून दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या, आणि रिटायर झालो की तिकडे राहायला जायचं, असा शब्द मामांनी फार पूर्वी दिला होता. माणूस शब्दाचा पक्का, पण एक जीव आडवा आला. काळपट, बोटाच्या पेराएवढा, शंख नसलेल्या गोगलगाईसारखा. हात लावला की पालीसारखा शेपटीचा तुकडा टाकून पळायचा. त्याचं नाव काही सापडेना. "एवढं एक ओळखून होऊ दे, मग तिकिटं काढू," मामा म्हणाले, आणि त्यावर तीन वर्षं गेली. लायब्ररीतली पुस्तकं संपली, ब्रिस्टलहून मागवलेली संपली. रविवारी फोनवर मी मालवणचं विचारलं की मामी म्हणायच्या, "पेशंट अजून ॲडमिट आहे गं."

मला मामांचा रागच यायचा. एका गोगलगाईपायी बायकोला ताटकळत ठेवायचं म्हणजे काय? मग एका दुपारी मामींच्या स्वयंपाकघरात पोळपाट शोधताना डाळींच्या डब्यांमागे शंखशिंपल्यांचं एक जाडजूड पुस्तक हाताला लागलं. खूण म्हणून मामींच्या भावाचं मालवणहून आलेलं पत्र आत घातलेलं, आणि त्या पानावर तोच प्राणी, नावानिशी.

मामींनी माझ्या हातातलं पुस्तक शांतपणे घेतलं. "त्याच्या पाठीवर नखाएवढा शिंपला आहे. हे त्याला बिनशिंपल्यांच्या पुस्तकांत शोधतायत. अगं, मी शिंपले वेचत वाढले, मला पहिल्याच आठवड्यात कळलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की हे दुसऱ्या दिवशी तिकिटं काढतील. टाकी काही विमानात नेता येत नाही." त्यांनी पुस्तक पुन्हा डब्यांमागे सरकवलं. "रिटायर झाल्यावर सहा महिने हे खिडकीत नुसते बसून होते. तू यायच्या आधीची गोष्ट. तसं मला परत बघायचं नाही."

त्यानंतर मी कधी मालवणचं विचारलं नाही.

एका हिवाळ्यात मामा गेले. त्या गोगलगाईच्या केसपेपरवर नावाची जागा कोरीच राहिली. दिवसवार झाल्यावर मामींना मालवणला पोचवायला कोणी जायचं, ते माझ्या नवऱ्याने ठरवलंसुद्धा, आणि सामान आवरायला मी कार्डिफला गेले. घरात एकही बॅग भरलेली नव्हती. पुढच्या खोलीत टाकीचा दिवा चालू होता आणि मामी मामांच्या खुर्चीत, मामांचं भिंग डोळ्याला लावून बसल्या होत्या. मामांची इतकी आठवण मला त्यांच्या अंत्यविधीलाही झाली नव्हती.

"मामी, तिकिटं काढायची ना?"

"जाईन गं," काचेवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "पण परवा त्या डावीकडच्या दगडाखालून एक नवीन निघालंय." मग त्यांनी एक कोरा केसपेपर माझ्याकडे सरकवला. "तुझे डोळे चांगले आहेत. जरा पाय मोज."

मी खुर्ची पुढे ओढली.