बायडाबाई आणि सासूबाईंचा कासोटा

बायडाबाई घरात आली की आधी बांगड्या झाकायची. सवाष्ण बाई, काढायच्या तरी कशा? म्हणून जुन्या धोतराची पट्टी दोन्ही मनगटांवर गुंडाळायची आणि दातांनी गाठ मारायची. पहिल्या दिवशी मी चहा पुढे केला, तर म्हणाली, "च्या मागनं, ताई. आदी आजीचं अंग बघू." काचेची बांगडी म्हातारीच्या कातडीला कशी ओरखडते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळून तेव्हा तीन महिने झाले होते आणि मी स्वतःला चांगली सून समजत होते.

ती मढकडची. सासूबाईंना सांभाळायला सकाळच्या एसटीने जुन्नरला यायची, मी शाळेतून परतले की निघायची. आमचे हे नोकरीसाठी चाकणला, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. बायडाबाईने कसला कोर्स केलेला नव्हता. तिचं सगळं शिक्षण माहेरच्या मेंढरांमागे झालेलं. चादरीखालून तळहात फिरवून ती सुरकुती न् सुरकुती काढायची. हात लावण्याआधी सांगायची, "आजी, आता डावा पाय उचलते बरं का." त्यांना धड ऐकू येत नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "कानाला नाय, पण अंगाला कळतंय की."

या दोघींचं वाजायचं ते फक्त कासोट्यावरून. सासूबाई जन्मभर नऊवारीतल्या. "बिनकासोट्याची बाई ती काय बाई!" असं म्हणून त्या मागे चाचपायच्या. पण मागे खोचलेला तो घोळ नेमका माकडहाडाखाली येतो. बायडाबाईने लुगडं अर्धं फाडलं, पुढे निऱ्या घातल्या आणि मागची बाजू मोकळी सोडली. "म्होरनं बगणाराला काय कळतंय, आजी?" सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिने त्याची फिकीर केली नाही.

मग भाचीच्या लग्नाला ती आठ दिवस माहेरी गेली. मी रजा काढली. निघताना दारातून वळून म्हणाली, "येळच्या येळी कूस बदला. आन् कासोटा नाय म्हंजी नाय."

दुसऱ्याच दिवशी सासूबाई कासोट्यासाठी रडायला लागल्या. मी फार दमले होते. उचलणं, पुसणं, भरवणं, परत उचलणं. समजूत घालायचंही त्राण उरलं नव्हतं. मी कपाटातलं अंजिरी लुगडं काढलं, त्यांना नेसवलं आणि कासोटा खोचला. त्यांनी हात मागे नेला, घोळ चाचपला आणि म्हणाल्या, "गुणाची गं माझी बाय."

बावीस वर्षांच्या संसारात हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मग रोज कासोटा घातला. कूस बदलायला गेले की त्या म्हणायच्या, "राहू दे, बरं वाटतंय." मीही राहू द्यायची. खोटं कशाला बोलू, मला तेवढीच विश्रांती मिळायची.

बायडाबाई परतली. पट्ट्या गुंडाळल्या, "आजी, कुशीवर घेते बरं का" म्हणाली आणि मागचा घोळ सोडवला. मग मला हाक मारली. माकडहाडावर सुपारीएवढी जखम होती, कडा काळसर.

"त्या काही बोलल्याच नाहीत," मी म्हटलं.

"मेंढरू बी बोलत नाय, ताई. लोकर फाकवून बगावं लागतंय." मग म्हणाली, "तुमी तिला खूश केलंत. सांभाळलं नाय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी जखम साफ केली आणि या वयात भरेल याचा भरवसा नाही म्हणाले. बायडाबाईने रोज पट्टी बदलली, तासातासाला कूस बदलली, मलाही हाताला धरून शिकवलं. सासूबाई उशी दातांत धरून कण्हत राहायच्या. तीन महिन्यांनी जखम भरली. पण सासूबाईंनी कासोटा पुन्हा मागितला नाही आणि मला 'गुणाची'ही म्हटलं नाही. त्यांचं ते न मागणंच मला जास्त लागलं.

गेल्या थंडीत त्या शांतपणे गेल्या. आळीतल्या बाया जमल्या. कुणीतरी म्हणालं, लुगडं नुसतं गुंडाळा, उशीर होतोय. तेवढ्यात मढची एसटी आली असावी, कारण बायडाबाई दारात उभी होती. तिने कुणाकडे पाहिलं नाही. मनगटांवर पट्ट्या गुंडाळल्या, दातांनी गाठी मारल्या आणि मला म्हणाली, "ताई, ते अंजिरी लुगडं काडा."

आम्ही दोघींनी मिळून नेसवलं. शेवटी ती खाली वाकली.

"आजी, कासोटा घालते बरं का," ती म्हणाली आणि चांगला घट्ट खोचला. "आता टोचायचा नाय."