बोटं सरकल्याचा आवाज

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. भांडण नसायचं, पण गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की त्यांना तसंच वाटायचं. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडून सुरतेत आले आणि उधन्याच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात लागले. पत्र्याची शेड, आत ओळीने लूम, आणि पाळी संपेपर्यंत खडाखड. तिथे माणसं तोंडाने बोलतच नाहीत, हाताच्या खुणा करतात. माझी बारावी होईपर्यंत आबांचे कान गेले.

धागा तुटला की लूमचा आवाज बदलतो. तो त्यांना कळेना. कापड खराब जाऊ लागलं, तेव्हा शेठने त्यांना लूमवरून काढून तागे वाहायला लावलं. पगार उतरला. माय घरी बसून साड्यांना टिकल्या लावायला लागली, आणि शाळेतून आली की धाकटी बहीणही. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या: कॉलेज सोडायचं, नाहीतर सकाळी कॉलेज करून दुपारून त्याच कारखान्यात धाग्याच्या बॉबिन भरायला जायचं. मी दुसरी धरली.

आबांना ते मुळीच पटलं नव्हतं. "पाय मोडना ते माणूस बसीसन लिखस," ते म्हणाले. "कान गयात ते मास्तर काय सांगस ते तुले कसं समजी?"

मी कानात कापूस घालून जायचो. तरी घरी आलो की कितीतरी वेळ कानात शिट्टी वाजत राहायची. ती थांबेपर्यंत मी कुणाशी बोलत नसे. भीती एवढीच होती की एक दिवस ती थांबणार नाही. मला हळू बोलणाऱ्यांच्या जगात जायचं होतं. ऑफिसात साहेब काही ओरडून सांगत नसतो.

त्याच सुमारास कॉलेजातल्या एका गुजराती मित्राने मला कॅसेट दिली. त्याचा चुलतभाऊ अमेरिकेत होता, तिकडची रॉकची गाणी भरून पाठवायचा. सोबत मित्राने त्याचा जुना हेडफोनही दिला. "अल्या, सांभळ तो खरो," म्हणाला, "तमारा भजन जेवुं नथी." तुमच्या भजनासारखं नाही, ऐक तरी, असं त्याचं म्हणणं.

आमच्याकडे मायचा जुना टेप होता. पहाटे, गल्ली उठायच्या आत, मी तो लावला. पहिलंच गाणं. सुरुवातीला कोणी गात नाही, नुसती गिटार. आणि वाजवणाऱ्याची बोटं एका सुरावरून दुसऱ्यावर सरकताना तारेवर बारीकसा 'सुईं' असा आवाज होतो. मित्राला विचारलं तर तो हसला. "ए तो भूल छे, रही गई अंदर." असेल चूक. मला तर त्या गाण्यातली तीच जागा सगळ्यात आवडायची. कारण ती ऐकू आली म्हणजे माझे कान जागेवर होते. रोज पहाटे तेवढं ऐकायचं आणि मग तोंड धुवायचं.

पुढे त्याच गाण्यात ड्रम येतात आणि गाणारा अक्षरशः बोंब ठोकतो. इंग्रजी मला निम्मं कळायचं, पण त्या बोंबेत काहीतरी मोकळं होतं. आमच्या घरात ओरडायचं ते ऐकू येत नाही म्हणून. हा माणूस मात्र आत्ता आत्ता कुजबुजत होता. त्याला हळू बोलता येत होतं, तरी तो स्वतःच्या मर्जीने ओरडत होता. मला त्याचा हेवा वाटायचा.

दुसरं एक गाणं होतं नुसतं धावणारं, ड्रम थेट लूमच्या वेगात. बॉबिन भरताना मी ते मनात लावून द्यायचो; मग शेडमधला गोंगाट जरा माझ्या बाजूचा वाटायचा. एकदा ते आबांसाठी हेडफोन काढून मोठ्याने लावलं. त्यांनी टेपच्या जाळीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हाई ते आपलाच कारखाना शे!" माय कितीतरी दिवसांनी मनापासून हसली.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, परीक्षेच्या तोंडावर, एका पहाटे ती 'सुईं' आली नाही.

पुन्हा लावलं. नाही. गिटारही गोधडीखालून वाजावी तशी. वाटलं, सर्दी असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. मी कुणाला सांगितलं नाही. वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसलो आणि सरांच्या ओठांकडे बघू लागलो, आबा बघतात तसा. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी नजर वहीत घातली. एका पेपरचं वाचायला घेतलं, पण डोक्यात काही शिरेना. कशासाठी वाचायचं?

बहिणीला मात्र कळलं.

"भाऊ, रोज तेच तेच गाणं मागे नेऊन काय ऐकतोस? टेप बिघडवशील."

"इकडे ये. इथे एक बारीक आवाज येतो, तारेवर बोट सरकल्याचा. ऐक."

तिने हेडफोन लावला. कपाळाला आठ्या. "कुठे? काहीच नाही."

"नीट ऐक ना!"

"अरे, ओरडतोस काय? मी काय आबा आहे? नाही येत म्हटलं ना. असं वाटतंय गाणारा तोंडात रुमाल धरून गातोय."

ती कधी कारखान्याची पायरी चढली नव्हती. शेजारच्या घरात दूध उतू गेलेलं तिला आमच्या ओट्यावरून कळायचं. तिलाच येत नसेल तर दोष कानात नव्हता. टेपमध्ये होता. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि हसायलाच लागलो. ती म्हणाली, "वेडा झाला अभ्यास करून करून."

कॉलेजात मित्राला सांगितलं, तसा सुट्टीच्या दिवशी दुपारी तो स्पिरिट आणि कापूस घेऊन आला. टेपचं झाकण उघडून त्याने आतलं हेड, म्हणजे फीत जिथे घासून जाते तो भाग, पुसलं. कापसावर करडा थर आला. तंतूंचा. टेपच्या वरच्या खुंटीला मी रोज कारखान्यातला शर्ट अडकवायचो, तीच धूळ. कॅसेट लावली. गिटार सुरू झाली, आणि बोटं सरकली. बहीण ओरडली, "हां, आला!" मलाही आला होता. लख्ख.

शर्ट त्या दिवसापासून दाराबाहेर गेला. मी परीक्षेला बसलो. निकाल आबांना ओरडूनच सांगावा लागला, त्यामुळे पेढे वाटायच्या आधीच साऱ्या गल्लीला तो कळला.

मी सेकंड क्लासात बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. पुढे सुरतेजवळच्या सचिन गावात एका ऑफिसात लागलो, आणि तिथे साहेब हळू बोलतो ते मला नीट ऐकू येतं.