लाल दिव्याखालचा नकाशा

व्हर्ना कोल्टरमन यांची नजर गेली आहे, असं आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाच्या अध्यक्षांनी लेखी कळवलं, त्या दिवशी मी कचेरीतून जेवायला घरी गेलोच नाही. इतका संताप मला कित्येक वर्षांत आला नव्हता. त्यातला निम्मा माझ्या स्वतःवरचा होता, हे आधीच कबूल करतो.

व्हर्नाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. अमेरिकेत, पश्चिम नेब्रास्कातल्या आमच्या गावाबाहेर, शेतावरच्या घरांना त्यांनी चौतीस वर्षं टपाल वाटलं. एकशे बारा मैलांची फेरी. रस्त्याकडेच्या पेट्यांपर्यंत हात पोचावा म्हणून, गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असूनही, त्या उजवीकडच्या आसनावर बसायच्या आणि डावा हात, डावा पाय लांबवून गाडी हाकायच्या. त्यांचा डावा खांदा अजूनही उतरता आहे. हिवाळ्यात त्या कामावर निघत तेव्हा उजाडलेलं नसे. टपाल कचेरीचं कुलूप काढण्याआधी पाच मिनिटं वर बघायचं, एवढीच त्यांची वेधशाळा.

त्यांच्या फेरीवर एमिल वासेक नावाचा गहू पिकवणारा शेतकरी होता. त्याला दरमहा ‘प्रेअरी स्काय’ हे मासिक यायचं. लोकांचं टपाल उघडणं सोडाच, त्याच्या वेष्टनाकडे दोनदा बघणंसुद्धा व्हर्नाबाईंच्या लेखी चोरी. पण त्यांना आकाशाची ओढ आहे, हे एमिलच्या लक्षात आलं असावं. एके दिवशी त्याच्या पेटीचा लाल झेंडा वर होता, म्हणजे न्यायचं टपाल आत आहे अशी खूण, आणि आत गेल्या महिन्याचा अंक, ‘व्हर्ना कोल्टरमन यांस’ असं लिहिलेला. बाईंनी तो तिथेच ठेवला. तिकीट नव्हतं! दुसऱ्या दिवशी त्याच अंकावर तिकीट होतं. मग त्यांनी तो कचेरीत नेला, त्यावर शिक्का मारला आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी पोचता केला. असं अकरा वर्षं चाललं, दरमहा एक तिकीट. एमिल गेल्यावर त्याच्या बायकोने ते मासिक गावच्या ग्रंथालयाला चालू करून दिलं.

त्या मासिकाच्या मधोमध महिन्याचा आकाशनकाशा असतो. साधा, पांढऱ्या कागदावर गडद निळ्या रेषांचा. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी व्हर्नाबाई तो एका फळीवर टाचण्यांनी लावतात आणि धान्याच्या कोठाराच्या मागे उभ्या राहतात. याला आम्ही ‘नवख्यांची संध्याकाळ’ म्हणतो. ज्याच्याकडे दुर्बीण नाही, पुस्तक नाही, असा कुणीही येतो. फळीवर बघायचं, वर बघायचं, पुन्हा फळीवर बघायचं. त्या फळीवर दिवा असतो तो लाल. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपले की अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. म्हणून आमच्यात कुणी पांढरी बॅटरी पेटवली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

आता माझा अपराध. ग्रंथालयाने जानेवारीत कळवलं की यापुढे खगोलाचं एकच मासिक घेता येईल, कोणतं ते मंडळाने ठरवावं. मी मंडळाचा सेक्रेटरी. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं आणि नोकरी धान्य सहकारी संस्थेच्या कचेरीत, त्यामुळे दोन गोष्टींची तुलना करायची म्हटलं की मी रकाने आखतो. पानं किती, रंगीत छायाचित्रं किती, उपकरणांची परीक्षणं किती, लेख किती. प्रत्येकाला गुण. ‘डीप ऑर्बिट’ नावाच्या गुळगुळीत मासिकाला एकेचाळीस मिळाले आणि ‘प्रेअरी स्काय’ला एकोणतीस. तक्ता सुबक होता. मला त्याचा अभिमान वाटत होता.

सभा ग्रंथालयाच्या तळघरात, चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल खात चालली होती. अध्यक्ष गेलन स्ट्राउड हे दंतवैद्य. त्यांच्या परसात घुमट आहे आणि बटण दाबलं की तारा आपणच शोधून देणारी दुर्बीण आहे. ते ‘डीप ऑर्बिट’चा नमुना अंक उंच धरून म्हणाले, “बघा हे तेजोमेघ! ह्याच्यापुढे ते दुसरं म्हणजे बियाण्यांची यादी.”

व्हर्नाबाईंनी अंक मागून घेतला, मधलं पान उघडलं आणि म्हणाल्या, “जरा दिवे घालवा बरं.”

“व्हर्ना, चिली सांडेल कुणाच्या तरी मांडीवर,” गेलन म्हणाले. सगळे हसले.

“सांडू दे. अंधार करा.”

“मासिक काय अंधारात वाचायचं असतं?”

“वाचायचं नसतं रे, वापरायचं असतं.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “काय सेक्रेटरी, तुझ्या तक्त्यात त्याला रकाना आहे?”

मी म्हणालो, “नाही.” आणि पुढच्या वाक्यात मतदान पुकारलं.

नऊ विरुद्ध दोन. दुसरं मत ग्रंथपाल लाडॉना फायफर यांचं होतं. त्या सभासद नाहीत म्हणून ते मीच बाद केलं. नऊ विरुद्ध एक. ज्यांचा अख्खा छंद काळोखातला, अशा नऊ जाणत्या माणसांनी झगझगीत ट्यूबलाइटखाली मासिक निवडलं, आणि अंधार करा म्हणणाऱ्या एकटीला हसून गप्प बसवलं. हे आमच्यासारख्या तज्ज्ञांनाच जमतं.

मार्चच्या शुक्रवारी अकरा माणसं आली. त्यांत युलालिया तोमास ही पहिल्यांदाच आलेली. ती मांस कारखान्यात दुसऱ्या पाळीत काम करते, आणि तिला सुट्टी शुक्रवारचीच. व्हर्नाबाईंनी नवा नकाशा फळीवर लावला, लाल दिवा पेटवला आणि आकाशाकडे हात करून सिंह राशी समजावून सांगू लागल्या. त्यांना आकाश पाठ. फळीकडे बघायची त्यांना गरज नव्हती. युलालिया फळीवर वाकली आणि हळूच म्हणाली, “बाई, इथे तर नुसते ठिपके आहेत.”

बाई वाकल्या. खरंच नुसते ठिपके होते. ‘डीप ऑर्बिट’च्या नकाशात तारे काळे, पण त्यांना जोडणाऱ्या रेषा फिकट नारिंगी आणि नावं लाल. लाल उजेडात लाल शाई पांढऱ्या कागदात विरून जाते. नक्षत्रं गेली, ठिपके उरले. बाईंनी तोंडाने जमेल तेवढं सांगितलं, पण चौघं लवकर निघून गेली. सकाळी कॉफीच्या दुकानात गोष्ट फिरली की व्हर्ना लोकांना कोरा कागद दाखवते. तिथून ती गेलन यांच्या दवाखान्यातल्या खुर्चीपर्यंत पोचली.

आणि मग ते पत्र आलं. ‘वयोमानानुसार व्हर्ना यांच्या नजरेवर परिणाम झाल्याचे दिसते. यापुढे नवख्यांची संध्याकाळ माझ्या घुमटात मंगळवारी भरवावी. येणाऱ्यांनी आधी वेळ ठरवून घ्यावी.’ घुमट गावापासून आठ मैलांवर, गोल्फच्या मैदानापलीकडे. मंगळवारी युलालिया कामावर. पूर्वी कोठारामागे नुसतं चालत येऊन उभं राहता येत होतं, तिथे आता फोन करून, नाव नोंदवून, दुसऱ्याच्या परसात जायचं. कोण गेलं असतं? कुणीही नाही. वीस वर्षं चाललेली संध्याकाळ सहा महिन्यांत बंद पडली असती, आणि दोष लागला असता एका म्हातारीच्या डोळ्यांना. चूक नऊ जणांची! माणसाला चौऱ्याहत्तर वर्षं झाली की समोरच्याची चूकसुद्धा त्याच्या वयात जमा करतात.

मी पत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ते हात लांब करून, चष्म्याशिवाय, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

“वाचता आलं मला,” त्या म्हणाल्या. “एवढं इतिवृत्तात लिहून ठेव.”

“व्हर्नाबाई, मी राजीनामा देतो.”

“कशाला? नाटकं नकोत. शनिवारी दुपारी तीनला सगळ्यांना बोलाव. ग्रंथालयाच्या तळघरात, फरशीपुसण्या ठेवतात त्या खोलीत.”

“तिथे खिडकीसुद्धा नाही.”

“म्हणूनच.”

त्या खोलीत जेमतेम पाच माणसं मावतात. आम्ही नऊ जण शिरलो. गेलन बादल्यांच्या बाजूला चेपले गेले. लाडॉनांनी बाहेरून दार लावलं आणि फटीला टॉवेल दाबला.

“आता थोडा वेळ गप्प उभे राहा. डोळे सरावू दे,” व्हर्नाबाई म्हणाल्या.

“माझ्या पायावर कोण उभं आहे?” गेलननी विचारलं.

“बादली आहे ती. गप्प.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. ब्लीचच्या वासाने मला शिंक आली. बऱ्याच वेळाने लाल दिवा लागला आणि फळी दिसली. तिच्यावर ‘डीप ऑर्बिट’चा मार्चचा नकाशा होता. आम्ही बघत राहिलो. काळे ठिपके, बाकी कोरं.

“दिवा कमजोर आहे,” गेलन म्हणाले.

बाईंनी त्यावर ‘प्रेअरी स्काय’चा गेल्या वर्षीचा मार्च धरला. रेष न् रेष, नाव न् नाव ठसठशीत. मग तो काढून घेतला. पुन्हा ठिपके.

“गेलन, सिंह दाखव.”

गेलन पुढे झाले. त्यांनी बोट वर नेलं. ते डावीकडे गेलं, मग थोडं खाली, मग अधांतरी थांबलं. त्यांची दुर्बीण आपणच तारा शोधते. त्यांना स्वतःला कधी शोधावाच लागला नव्हता.

“काय रे,” बाई शांतपणे म्हणाल्या, “तुझी नजर ठीक आहे ना?”

कुणी हसलं नाही. हसायचं ते आम्ही जानेवारीत हसून घेतलं होतं.

दार उघडल्यावर गेलन घसा खाकरून म्हणाले, “छपाईचा दोष आहे. मी मासिकाला कडक पत्र लिहितो. आणि ते माझं आधीचं पत्र... तो विषय सोडून द्या.” गुडघ्याला लागलेला साबण झटकत ते जिना चढून गेले. माफीचा एक शब्द नाही! बाकीचेही कोट चढवून, हवापाण्याचं बोलत पांगले. मी मात्र इतिवृत्तात ‘विषय सोडून दिला’ असं लिहिलं नाही. ‘अध्यक्षांचे म्हणणे दुपारी तीन वाजता, सर्वांसमक्ष, चुकीचे ठरले’ असं लिहिलं. एप्रिलच्या सभेत ते मी उभं राहून मोठ्याने वाचलं. गेलन त्या वेळी दालचिनीच्या रोलवरचा साखरेचा थर सोलत होते.

संध्याकाळ कोठारामागेच राहिली. पण मासिक वर्षभरासाठी ठरून गेलं होतं, ते बदलता येईना. गेल्या वर्षीचे नकाशे लावावेत, तर त्यांतले ग्रह यंदा त्या जागी नाहीत. मी सुचवलं, ग्रंथालयाच्या यंत्रावर नकाशाची काळी-पांढरी प्रत काढू. बाईंनी मला अंकाचं पहिलं पान दाखवलं. ‘प्रत काढू नये.’

“एका पानाने काय होतंय?”

“छापलंय ते छापलंय.”

तिकीट नसलेला अंक पेटीत सोडून आलेल्या बाई त्या. त्यांच्याशी कोण वाद घालणार? मग त्यांनीच तोड काढली. लाडॉनांकडून ‘नकाशावर रेषा ओढण्यास परवानगी आहे’ असं सहीनिशी लिहून घेतलं. आता दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मी कचेरीतून चारला निघतो. पट्टी आणि काळं पेन घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. प्रत्येक नारिंगी रेष काळ्याने गिरवायची, प्रत्येक नाव पुन्हा लिहायचं. एवढ्या मोठ्या मासिकाने करायचं काम चौऱ्याहत्तर वर्षांची बाई आणि निवृत्तीला आलेला एक कारकून करतात. पेन हातात घेतलं की दर वेळी मला नव्याने राग येतो.

पहिल्याच गुरुवारी मी पेन खाली ठेवून म्हणालो, “व्हर्नाबाई, गेलन नाही तर नाही, मी तरी माफी मागतो. तुम्ही रकान्याचं विचारलंत आणि मी मतदान पुकारलं. तुमचं ऐकायला हवं होतं.”

त्यांनी नकाशा माझ्याकडे सरकवला आणि एका ठिपक्यावर नख ठेवलं.

“ते नंतर. आधी सिंहाचं शेपूट पुरं कर. उद्या युलालिया यायची आहे.”