आमगावला उतरवलेली बाई

नागपूर-बिलासपूर इंटरसिटीत मी जेवढी झोपले असेन, तेवढी घरच्या गादीवर झोपले नसेन. नोकरीवरून सुटून दुपारी भंडारा रोडला चढायचं आणि तुमसर यायच्या आत घोरायला लागायचं. आमगावला मला उठवायचं काम तिरोड्याला चढून आमगावलाच उतरणाऱ्या नर्सबाई आणि मास्तर यांचं. आम्हा रोज ये-जा करणाऱ्या अपडाऊनवाल्यांचा हा धर्मच: जो जागा असेल त्याने झोपलेल्याला उतरवायचं. गाडी आमगावला जेमतेम थांबते, म्हणून आधी माझी पिशवी उतरते, मागून मी.

त्या दिवशी मात्र मी तिकीट काढलं होतं राजनांदगावचं. माझी लेक हॉकीत गोलकीपर. नोकरीपायी तिचा एकही सामना मी पाहिला नव्हता. घरी येऊन ती सगळं सांगायची आणि ऐकता ऐकता मला डुलकी लागायची. संध्याकाळी तिथे तिची फायनल होती. "या वेळी तरी ये," एवढंच ती म्हणाली होती. ते फार लागलं होतं मला.

आणि मी काय केलं? कोणाला काही न सांगता सवयीने झोपले.

"उठा न वो ताई! आमगाव आलं, काऊन झोपून राहिल्या?" नर्सबाईंनी दंड धरला, मास्तरांनी पिशवी घेतली आणि मी शहाण्या बाळासारखी खाली उतरले. फलाटावर पिशवीतला लाडवांचा डबा हाताला लागला, तेव्हा कुठे डोळे उघडले.

"अहो, मला राजनांदगावला जायचंय! पोरीची मॅच आहे!"

"मंग सांगा लागते न वो!" मास्तर माझ्यावरच खेकसले. चोराच्या उलट्या बोंबा! पण भांडायला वेळ कुठे होता?

गाडी अजून उभीच होती. पुढे सिग्नल लाल, आधी मालगाडी जायची होती. रोज मी या मालगाड्यांच्या नावाने बोटं मोडते. त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले आणि धावत डब्यात चढले. मास्तरांनी पिशवी खिडकीशी आणून दिली.

"तुमचा काई भरोसा नाई," नर्सबाई खालून म्हणाल्या. "फोन हातातच ठेवा."

सालेकसा यायच्या आतच नर्सबाईंचा फोन आला. "जाग्या आहात न?" दरेकशाच्या बोगद्यात नेटवर्क गेलं, तेवढीच काय ती शांतता. डोंगरगडला मास्तरांचा फोन. "खिडकीत बसा, हवा लागू द्या." मला हसूही येत होतं आणि भरूनही येत होतं.

मैदानावर दिवे लागले होते. मी धापा टाकत पायऱ्यांवर बसले. अंगभर पॅड बांधलेली माझी लेक गोलकडे निघाली होती. ती थांबली, प्रेक्षकांकडे वळून कोणाला तरी शोधू लागली. मी उभी राहून दोन्ही हात हलवले. तिने स्टिक उंच केली.

तेवढ्यात पुन्हा नर्सबाईंचा फोन. "उतरल्या का वो ताई?"

"उतरले," मी म्हणाले. "आता ठेवा फोन. माझी पोरगी खेळतेय."