पुसून टाकायचा आवाज

स्टुडिओत सगळे तिला ताई म्हणत. नव्या गाण्यात आधी ताईने कच्चा आवाज भरायचा, तो ऐकून नावाजलेल्या गायिकेने गाणं बसवायचं आणि मग ताईचा आवाज पुसून टाकायचा. उभ्या आयुष्यात तिने गाण्यांतल्या विरहिणींच्या वतीने ढगांकडे निरोप दिले, चंद्राशी भांडण काढलं, नदीला साजणाचा पत्ता विचारला. पत्ता एकीलाही लागला नाही. लागला असता तर गीतकारांचा धंदाच बसला असता.

त्या दुपारी ती नेहमीसारखी माइकसमोर उभी राहिली. सकाळीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, घशात गाठ आहे, कापावी लागेल, आवाज राहील की नाही सांगता येत नाही. हे इथे कळलं तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, या धास्तीने ती गप्प होती.

‘ढगा, वाकडी वाट करून त्याच्या गावी जा’ या ओळीला वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला.

संगीतकार खुर्चीतून उठला. “वा ताई, काय तळमळ आहे!” मग शेजारी हे गाणं शिकत बसलेल्या नावाजलेल्या गायिकेकडे वळून म्हणाला, “हे अस्संच फाटायला हवं हं.”

गायिका वयाने लहान, मेहनती. तिने प्रयत्न केला. जमेना, तशी ती घसा ताणू लागली. गळ्याच्या शिरा टरारल्या.

“अजून,” संगीतकार म्हणाला.

आता तिच्या आवाजात खरखर आली. हीच खरखर ताईने सर्दी म्हणून अंगावर काढली होती. गप्प राहिलं तर काम टिकणार होतं.

“थांब गं!” ताई ओरडली. “कसली तळमळ? गाठ आहे माझ्या घशात. कापायची आहे. तू नको ताणूस.”

गायिका रडवेली झाली. संगीतकाराने घड्याळाकडे पाहिलं. “बरं... पुढच्या गाण्यांचं आपण नंतर बघू, ताई.”

नंतर म्हणजे काय, ते तिला पुरतं ठाऊक होतं. जिन्यात बसून तिने नवऱ्याला फोन लावला. डॉक्टरांचं त्यालाही सांगायचा तिला धीर झाला नव्हता. आता सगळं सांगून टाकलं.

“आहेस तिथेच बस. निघालोच मी,” तो म्हणाला.

“या. पण फोन ठेवू नका हो,” ती म्हणाली. “मला फार भीती वाटतेय. मी बोलत राहते, तुम्ही नुसतं ऐका. माझा आवाज नीट ऐकून ठेवा.”