बोटेसाहेब आणि उभी मंडळी

आमच्या मिशन कंपाउंडात शमुवेल भिंगारदिवेला शमुवेल म्हणणारी माणसं दोनच. एक त्याचे वडील इसहाकमास्तर, दुसरे आमचे पाळकसाहेब. बाकी सगळ्यांच्या तोंडी ‘बोटेसाहेब’. नाव मी ठेवलं होतं. नगरातल्या निम्म्या ख्रिस्ती घरांची टोपणनावं बोर्डिंगच्या माझ्या चुलीवरच शिजलीत, आणि माझ्या पाठीमागे मला लोक काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. दयामावशी हे झालं तोंडावरचं.

मास्तरांची आणि माझी भिंत एक. त्यामुळे बोटेसाहेबांचे लाड मी जवळून पाहिले. पोरानं विहिरीचा दोर कधी धरला नाही. का, तर बोटांना घट्टे पडतात. लाकूड फोडायचं नाही, विटीदांडू नाही. सात वर्षांचा असल्यापासून मिशनच्या गोऱ्या मडम त्याला आपल्या बंगल्यावर पियानो शिकवत होत्या आणि त्यांनीच ही सोवळी लावून दिली होती. पाणी त्याची आई शेंदायची, एलिझाबेथबाई.

“काय गं, राजपुत्र जन्माला घातलास की काय?” मी विचारायचे.

“राजपुत्र नाही, दावीद. शौल राजापुढे वीणा वाजवणारा.”

“दाविदानं मेंढरंही राखली होती म्हणावं. निदान एक घागर तर आण.”

बोटेसाहेब हसायचे आणि माझ्या चुलीपाशी येऊन पोळपाटावर बोटं नाचवत बसायचे. भाकरी थापायला पोळपाट मागितला, तर म्हणायचे, “थांब मावशी, एवढं संपू दे.” काय संपायचं होतं ते मला कधी ऐकू आलं नाही. भाकरी मात्र रोज उशिरा व्हायची.

पण संध्याकाळी बंगल्याच्या खिडकीतून त्याचं वाजवणं बाहेर यायला लागलं, की मी कढईखालचा जाळ ओढून घ्यायचे. आमटी खदखदली की ऐकू येत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्यासारखीनं असलं काही सांगितलं तर लोकांना ताप आलाय असं वाटतं.

मडमनी त्याला मुंबईला धाडलं. पाच वर्षं शिकला. सेहेचाळीसच्या हिवाळ्यात एका मोठ्या हॉलात त्यानं एकट्यानं वाजवलं. साहेबलोक, पारशीलोक, सगळे तिकीट काढून आले होते. इसहाकमास्तर जाऊन आले, तेव्हा अख्खं कंपाउंड त्यांच्या ओट्यावर जमलं.

“काय वाजवलं हो मास्तर?”

“पाऊण तास एकच वाजवलं.”

“शब्द काय होते?”

“शब्द नसतात त्याला.”

“मग लोकांना कळलं कसं?” मालनबाईनं विचारलं.

मास्तर गणिताचे. त्यांनी बराच विचार केला. “कळलं असावं,” ते म्हणाले. “संपल्यावर एक बाई रडत होती.”

पुढल्या फेब्रुवारीत बोटेसाहेब घरी आले. गाल लालबुंद. मी म्हटलं, “मुंबईचं पाणी मानवलेलं दिसतंय!” ती लाली तापाची होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, आणि मास्तरांना बाहेर नेऊन सांगितलं की क्षयानं दोन्ही बाजू गेल्या आहेत. अमेरिकेत नवं इंजेक्शन निघालं होतं, त्यासाठी मडमनी पत्र घातलं. ते आलं नाही. दूध, अंडी, आराम, आणि वाजवणं पूर्ण बंद.

बाज ओट्यावर टाकली. त्याची बोटं चादरीवर चालायची. एप्रिलात एके दिवशी मी पेज घेऊन गेले, तेव्हा तो म्हणाला, “मावशी, मुंबईत मला परक्यांनी ऐकलं. माझ्या माणसांनी एकदाही नाही.”

“दर नाताळाला वाजवायचास की रे.”

“ती गीतं. लोक गाणार, मी मागून वाजवणार. मला एकदा नुसतं ऐकवायचंय. एकदाच, मावशी. पुढल्या नाताळाला मी नाही.”

माझ्याकडे प्रत्येक बोलण्यावर थट्टा तयार असते. त्या दिवशी मी पेज ढवळत बसले.

मडम उन्हाळ्यापुरत्या थंड हवेला डोंगरावर निघाल्या होत्या; जाताना पियानो द्यायला कबूल झाल्या. तो देवळात न्यायला भिंगारहून गहिनीनाथ बैलगाडी घेऊन आला. ते काळं धूड पाहून तो चार पावलं मागेच सरला.

“बाई, ह्यात मढं न्हाई ना?”

“मढं नाही रे, बाजा आहे.”

“एवढा? मंग वाजवनारा केवडा आसंल!”

वाजवणारा तेव्हा ओट्यावर बसून धाप टाकत होता.

रविवारी संध्याकाळी देऊळ भरलं. पाळकसाहेबांनी जाहीर केलं, “आता शमुवेल वाजवेल,” आणि बसले. बोटेसाहेबांची पाठ आमच्याकडे होती. कोट खांद्यावरून गोणपाटासारखा लोंबत होता. त्यानं पहिले सूर दाबले मात्र, सगळी मंडळी उभी राहिली.

आमच्याकडे बाजा वाजला की उभं राहायचं आणि गायचं. आजोबा-पणजोबांपासून हेच. मी मालनबाईचं लुगडं ओढलं. “बस गं!”

“बाजा वाजतोय अन् बसू? देवळात?”

“हे गीत नाहीये.”

“मग काय आहे?”

पुरुषांच्या बाजूला पुस्तकं चाळायला सुरुवात झाली. “कितवं? कितवं?” छगन कंपाउंडरनं कुठला तरी आकडा सांगितला, तो बाकाबाकांवरून पुढे गेला. सगळ्यांनी ते पान काढलं आणि सुरुवात संपायची वाट बघत उभे राहिले. आणि तो वाजवत होता. कसं सांगू? मी कढईखालचा जाळ ओढून जे ऐकायचे, ते त्याच्यापुढे पोरखेळ होतं. मग ते हळू होत गेलं, फार हळू, आणि एके ठिकाणी त्यानं दोन्ही हात उचलले. नुसते वर धरले.

तेवढ्यात मंडळीनं श्वास घेतला आणि गायला सुरुवात केली. अडीचशे माणसं, पोटापासून.

त्याचे हात तसेच वर राहिले. मग ते खाली आले आणि त्यानं ते गीत वाजवलं. सगळी कडवी वाजवली.

बाहेर आल्यावर लोक त्याच्या पाठीवर थाप मारून जात होते. छगन म्हणाला, “सलाम, बोटेसाहेब! सुरुवात जरा लांबली, पण गीत झकास झालं.”

“सलाम, काका,” बोटेसाहेब म्हणाले.

घरी आल्यावर तो मला म्हणाला, “मावशी, ते तर तिथून सुरू व्हायचं होतं.”

मी त्याला हसवायला सांगितलं, की गहिनीनाथानं मात्र बाहेर लिंबाखाली बसून सगळं ऐकलं. मी विचारलं तर म्हणाला, ‘लई गार वाटलं बाई, झोपच लागली.’ बोटेसाहेब हसले, आणि त्या हसण्याचा खोकला थांबेपर्यंत एलिझाबेथबाई माझ्याकडे बघत राहिली.

पुढचा रविवार ठरला. डॉक्टर रागावले. एलिझाबेथबाईनं “आता नाही” म्हणून सांगितलं आणि शनिवारी त्याच्या सदऱ्याला इस्त्री करून ठेवली. मी आठवडाभर घरोघर फिरले. “पुस्तकं घरी ठेवायची. बसायचं. तो उठेपर्यंत कुणी उठायचं नाही. जो उठेल त्याच्या पोराच्या ताटात महिनाभर आमटीचं नुसतं पाणी!” लोक हसले, पण त्यांना कळलं. मालनबाई तर मला म्हणाली, “मेले, आधी सांगायचं होतंस.”

त्या रविवारी देऊळ वेळेआधी भरलं. एकाच्याही हातात पुस्तक नाही. लहान पोरंसुद्धा मांडीवर हात ठेवून बसलेली. पियानोचं झाकण मी स्वतः पुसून उघडून ठेवलं.

बोटेसाहेब सदरा घालून घरातून निघाले. विहिरीपर्यंत आले आणि तिथं त्यांना रक्ताची उलटी झाली.

इसहाकमास्तर देवळाच्या दारात आले. त्यांच्या बाहीवर डाग होता. “शमुवेल येत नाही,” ते म्हणाले. “घरी जा.”

कुणी उठलं नाही. पाळकसाहेबांना प्रार्थना सुचली नाही. मालनबाईनं माझ्या कानात विचारलं, “आता उठायचं का गं?” अंधार पडायला लागला, तेव्हा गहिनीनाथ दारातून डोकावला. “आटपलं का? न्यायचा का बाजा?” मग पुरुष उठले आणि त्यांनी पियानो उचलला.

तीन-चार दिवसांनी बोटेसाहेबांनी मला जवळ बोलावलं. आवाज म्हणजे नुसता वारा.

“बसले होते?”

“सगळे. छगनसुद्धा.”

“मग?”

“मग काय, बसून राहिले.”

तो भिंतीकडे वळला. त्याची बोटं चादरीवर नव्हती, चादरीखाली होती. मे महिना त्यानं ओलांडला नाही. तेविसावं चालू होतं.

मडम डोंगरावरून परतल्या, पहिल्यांदा त्याच्या कबरीवर जाऊन आल्या आणि मग माझ्या चुलीपाशी बसल्या. त्याच्याकडे तीन-चार मोठ्या चिजा तयार होत्या, म्हणाल्या. त्या दिवशी देवळात कुठली वाजवली, एवढं त्यांना हवं होतं. “दयाबाई, तुम्ही होतात ना? थोडंसं गुणगुणून दाखवा.”

मी डोळे मिटून खूप आठवलं. गुणगुणायला लागले, तर ते आमचं गीतच निघालं. मी थांबले. मालनबाईला बोलावलं, छगनला बोलावलं, मास्तरांनाही विचारलं. ज्यानं त्यानं तोंड उघडलं आणि ज्याच्या त्याच्या तोंडून तेच गीत आलं.

मडम उठल्या आणि बंगल्यावर गेल्या.