हरणांचा गोग्रास

मिशिगनमध्ये नोव्हायच्या पलीकडे, घरं संपून झाडी सुरू होते तिथे मी घर घेतलं, त्याच वर्षी आई सहा महिन्यांसाठी आली. आल्या आल्या तिचा पहिला प्रश्न : गोग्रास कुठे ठेवायचा? पहिली पोळी गाईची, हा तिचा आयुष्यभराचा नेम. इथे गाय भेटायची ती सुपरमार्केटात, पॅक होऊन. शेवटी खिडकीतून हरणं दिसली. "चार पाय, शिंगं, पाला खातात. चालतंय," असं म्हणून आईने स्वतःच्या अधिकारात हरणांना गाईच्या जागेवर बढती दिली.

हरणांना मात्र या बढतीचं काही वाटलं नाही. पोळी हुंगून ती सरळ शेजाऱ्याच्या ओकखाली जायची. त्या वर्षी ओकची फळं इतकी पडली होती की बुटांखाली नुसती कुरकुरायची. आईला वाईट वाटू नये म्हणून मी रोज तिची आंघोळ चालू असताना पोळी उचलून कचऱ्यात टाकायचो आणि "खाल्ली गं" म्हणायचो. ती खूश होऊन दुसऱ्या दिवशी पोळीला तूप जास्त लावायची.

शेजारी वेगळ्याच काळजीत होता. मोटारींच्या कारखान्यातून त्याला वसंतात काढलं होतं. दरवर्षी नोव्हेंबरात दोन-तीन हरणं मारायची, फ्रीझर भरायचा आणि दोन मुलांचा हिवाळा काढायचा, हा त्याचा हिशोब. मचाणाखाली मक्याचा ढीग घालून तो शिकारीच्या सीझनभर कुडकुडत बसला. हरण फिरकलं नाही. "झाडाखाली आयतं जेवण पडलंय, माझा मका कोण खाणार?" तो म्हणाला. नेम चुकणाऱ्या माणसाची सबब, असं मी इंजिनियरच्या आढ्यतेने ठरवून टाकलं. माझ्या पोळीचंही तेच होतंय, हे डोक्यातच आलं नाही.

आई म्हणाली, "माझ्या पोळीने पोट भरतं, म्हणून ती त्याच्या मक्याकडे जात नाहीत." आणि शेजाऱ्याच्या मुलांना वाटीभर शिरा पाठवला.

पुढच्या वर्षी आई पुण्यात होती. नेम मोडायचा नाही, अशी फोनवरून ताकीद होती. त्या वर्षी वसंतात परत आलेल्या थंडीने ओकचा मोहोर गेला, असं शेजारी म्हणाला. झाडाखाली एक फळ नव्हतं. आणि तिसऱ्याच दिवशी माझी पोळी गायब! आठवड्याभरात सहा हरणं सकाळी सातच्या ठोक्याला हजर होऊ लागली. मी हरखून गेलो. फ्रोजन पोळ्यांची पाकिटं आणून चार-चार पोळ्या घालू लागलो. आईला मी पहिल्यांदाच खरं सांगत होतो, पण तिला त्यात काही नवीन वाटलं नाही.

सीझनच्या पहिल्या सकाळी सातला थोडा वेळ असताना एक गोळी वाजली. दुपारी शेजारी पांढऱ्या कागदात बांधलेलं पुडकं घेऊन दारात आला. इतका मोकळा हसताना मी त्याला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"यंदा जंगलात खायला काही नाही. तुझ्या ब्रेडसाठी रोज त्याच वेळी माझ्या मचाणाखालून जातात. यात तुझाही वाटा आहे, मित्रा!"

मी थँक यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

रविवारी आईला सगळं सांगितलं, अगदी कचऱ्यातल्या पोळ्यांसकट. मला मनापासून लाज वाटत होती. हरणांना मीच तिथवर नेलं होतं, तेही तिच्या नेमाच्या नावाने.

"त्याला काम लागलं का रे?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"मुलं दोन ना?"

"हो."

कांद्याचा वाससुद्धा चतुर्थीला न चालणारी माझी आई मग म्हणाली, "एक हरण त्यांना हिवाळाभर पुरेल का?"

"नाही पुरणार, आई."

"मग पोळी बंद करू नकोस."